पाच भागांचा चाकू

स्वस्त घडीचा चाकू म्हणजे कामचलाऊ चाकू, हे मला पटत नाही. माझा पुरावा आहे ओपिनेल.

फ्रान्सच्या आल्प्समध्ये साव्हॉय हा डोंगराळ प्रदेश आहे. तिथल्या अवजारं घडवणाऱ्या घरातल्या जोझेफ ओपिनेलने १८९०मध्ये हा चाकू बनवला. शेतकऱ्याला परवडेल असा: लाकडी मूठ, तिच्या खाचेत मिटणारं पातं, आरपार खीळ आणि मुठीच्या तोंडाशी धातूचं कडं. १८९७मध्ये १ ते १२ क्रमांकांची मापं आली. १९५५मध्ये मार्सेल ओपिनेलने दुसरं, फिरणारं कडं बसवलं. ते फिरवलं की उघडलेलं पातं बोटांवर मिटत नाही. एकूण भाग झाले पाच.

त्यामुळे स्वस्त चाकू हातात घेतला की मी आधी बघतो, पैसे कुठे वाचवलेत? ओपिनेलमध्ये ते सजावटीत वाचवलेत, पात्यात नाहीत. मग पातं उघडून दोन्ही बाजूंना हलवतो. डगडगलं तर चाकू परत. मिटताना ते खाचेच्या मधोमध बसायला हवं. शेवटची परीक्षा घरी: बोथट झालेली धार साध्या दगडावर परत लागते का?

कार्बन पोलादाला ती चटकन लागते. पण लिंबू कापून पातं न पुसता ठेवलं, तर डाग पडतात, ओलं राहिलं तर गंज चढतो. लाकूड भिजून फुगलं की पातं खाचेत अडकतं. कमी पैशांत चांगली वस्तू मिळते. पुसून कोरडी ठेवण्याचं काम मात्र आपलं.