दोन विजेते आणि एक सूत्र : अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलचा २००३ चा वाद

विद्यार्थी मित्रांनो, या टिपणात आपण एका भांडणाचा हिशोब मांडणार आहोत. भांडण अमेरिकेतले आणि फुटबॉलचे आहे. मात्र हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडे कोलकात्यात, गोव्यात किंवा कोल्हापुरात खेळतात तो नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावायचा हा खेळ. तिकडे विद्यापीठांच्या संघांचे सामने पाहायला काही मैदानांवर लाखभर प्रेक्षक जमतात. आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा डोळ्यांसमोर आणू नका!

मूळ अडचण अशी. सर्वोच्च गटात शंभराहून अधिक संघ, आणि प्रत्येकाच्या वाट्याला हंगामात जेमतेम बारा-तेरा सामने. सगळे सगळ्यांशी खेळणे शक्यच नाही. बाद फेरीही नव्हती. मग राष्ट्रीय विजेता ठरवायचा कसा? मतदानाने. १९३६ पासून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था पत्रकारांची मते घेऊन क्रमवारी लावत असे, १९५० पासून प्रशिक्षकांचीही वेगळी क्रमवारी निघू लागली. दोघांचे एकमत झाले नाही की त्या वर्षी विजेते दोन. १९९७ मध्ये पत्रकारांनी मिशिगनला निवडले आणि प्रशिक्षकांनी नेब्रास्काला. हे टाळण्यासाठी १९९८ मध्ये बाउल चॅम्पियनशिप सिरीज, म्हणजे बीसीएस, ही व्यवस्था सुरू झाली. एका सूत्राने पहिले दोन संघ काढायचे आणि त्यांचा अंतिम सामना लावायचा.

आता २००३ चा हंगाम पाहा. युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया (यूएससी) सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्निया संघाकडून त्यांच्याच मैदानावर ३४-३१ अशी हरली, तीही तीन वेळा जादा डाव खेळून. लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी (एलएसयू) ऑक्टोबरमध्ये घरच्या मैदानावर फ्लोरिडाकडून १९-७ हरली. ओक्लाहोमा १२ सामने अजिंक्य राहिली आणि ६ डिसेंबरला आपल्या गटाच्या अंतिम सामन्यात कॅन्सस स्टेटने तिला ३५-७ असे झोडपले. म्हणजे तिघांचाही एकेक पराभव. दुसऱ्या दिवशी पत्रकार आणि प्रशिक्षक या दोघांनीही यूएससीला पहिला, एलएसयूला दुसरा आणि ओक्लाहोमाला तिसरा क्रमांक दिला. बीसीएसच्या सूत्राने मात्र ओक्लाहोमा पहिली, एलएसयू दुसरी आणि यूएससी तिसरी ठरवली. पत्रकार व प्रशिक्षक दोघांच्याही यादीत पहिला असलेला संघ अंतिम सामन्याबाहेर!

हे कसे घडले ते वही काढून स्वतः मांडा. सूत्रात कमी गुण म्हणजे वरचा क्रमांक. चार गोष्टींची बेरीज करायची : दोन मतदानांतल्या क्रमांकांची सरासरी, सात संगणकीय क्रमवाऱ्यांपैकी सर्वांत वाईट क्रमांक वगळून उरलेल्या सहांची सरासरी, प्रतिस्पर्धी किती तगडे होते त्याचा क्रमांक भागिले २५, आणि पराभवांची संख्या. पहिल्या दहांतल्या संघाला हरवले असेल तर थोडी वजावट.

यूएससी : १ + २.६७ + १.४८ + १ = ६.१५
एलएसयू : २ + १.८३ + १.१६ + १ = ५.९९
ओक्लाहोमा : ३ + १.१७ + ०.४४ + १ − ०.५० = ५.११

यूएससी फक्त ०.१६ ने मागे पडली. आता तिसरा रकाना पाहा. तिथे यूएससी आणि एलएसयू यांच्यातला फरक ०.३२ आहे, म्हणजे एकूण फरकाच्या दुप्पट. त्याच शेवटच्या शनिवारी नोत्र दाम आणि हवाई हे संघ आपापले सामने हरले. यूएससी त्या दोघांशी आधी खेळली होती, त्यामुळे तिचे प्रतिस्पर्धी कागदावर आणखी दुबळे झाले. स्वतःच्या मैदानावर तिने त्या दिवशी ऑरेगन स्टेटला ५२-२८ असे हरवले होते!

माझा आक्षेप संगणकावर नाही, आणि असूही नये; मी स्वतः तेच शिकवतो. आक्षेप बेरजेवर आहे. संगणकीय क्रमवारी काढतानाच प्रतिस्पर्ध्यांची ताकद, पराभव आणि मोठे विजय हिशोबात घेतलेले असतात. तेच पुन्हा वेगळे मोजले गेले. अंतर्गत गुणांत हजेरी धरलेली असताना निकालपत्रात हजेरीचे गुण परत मिळवावेत, तसे हे झाले. तुमच्या बाबतीत असे झाले तर तुम्ही प्राचार्यांच्या दारात उभे राहाल. हे दुहेरी रकाने खोडून फक्त मतदान आणि संगणक ठेवले, तर यूएससी ३.६७, एलएसयू ३.८३, ओक्लाहोमा ४.१७. अंतिम सामना यूएससी विरुद्ध एलएसयू असाच व्हायला हवा होता.

मग विजेता कोण? १ जानेवारी २००४ ला यूएससीने रोझ बाउलमध्ये मिशिगनला २८-१४ हरवले, आणि ४ जानेवारीला न्यू ऑर्लिन्समध्ये एलएसयूने ओक्लाहोमाला २१-१४. एलएसयूची बाजू हलकी नाही. तिने जॉर्जियाला एकाच हंगामात दोनदा हरवले, आणि गटाचा अंतिम सामनाही खेळली, जो यूएससीच्या गटात तेव्हा नव्हताच. समोर उभा केलेला संघ तिने हरवला. चुकीचा संघ उभा केला हा तिचा दोष नव्हे. तरी कोणी एकच नाव मागितले तर मी देणार नाही, कारण जो सामना निर्णय करू शकला असता तो खेळलाच गेला नाही. पदक दोघांना दिले गेले ते मला योग्य वाटते.

पत्रकारांनी यूएससीला पहिले ठेवले. प्रशिक्षकांना करारानेच बीसीएस अंतिम सामन्याच्या विजेत्याला पहिले मत देणे बंधनकारक होते, म्हणून त्यांच्या यादीत एलएसयू पहिली आली. पुढच्याच हंगामात सूत्रातून ते वेगळे रकाने काढले गेले आणि मतदानाचे वजन दोन तृतीयांश झाले. त्या हंगामानंतर असोसिएटेड प्रेसने आपली क्रमवारी सूत्रात वापरू दिली नाही. आणि हो, ६३ प्रशिक्षकांपैकी तिघांनी करार असूनही यूएससीलाच मत दिले होते.