दमणगंगेचे पाणी आणि उघड्यावरची घरटी

सिल्वासापासून सुमारे दहा किलोमीटरवरचे वासोणा पर्यटकांना ठाऊक असते ते सिंह सफारीमुळे. मात्र ही सफारी ज्या जंगलाचा एक कोपरा आहे, त्या दादरा-नगर हवेली वन्यजीव अभयारण्याची ओळख सिंहांवर संपत नाही. ९२.१६ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य २००० साली घोषित झाले. साग-खैराची पानझडी वने आणि मधुबन जलाशयाचा शेजार यांमुळे येथे रानपाखरे व पाणपक्षी दोन्ही आढळतात.

दमणगंगा नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावते आणि महाराष्ट्र, गुजरात व नगर हवेली ओलांडून दमणजवळ अरबी समुद्राला मिळते. मधुबन धरण गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात; जलाशयाचा मोठा फुगवटा मात्र नगर हवेलीत. त्या पाण्याखाली आदिवासींच्या जमिनीही गेल्या, हे विसरून केवळ निसर्गसौंदर्याचे गोडवे गाणे योग्य नव्हे. थोडक्यात, पाण्याच्या दरवाजाची चावी एका प्रशासनाकडे आणि काठाच्या रानाची राखण दुसऱ्याकडे आहे.

पक्ष्यांच्या दृष्टीने ही गोष्ट केवळ कागदावरची नाही. नदीसुरय, नदी टिटवी यांसारखे पक्षी झाडावर घरटे बांधत नाहीत. उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या वाळूत किंवा खडकाळ बेटावर उथळ खळगा करून ते अंडी घालतात. भोवती पाणी असेल तोवर कुत्री-कोल्ही तेथे पोहोचत नाहीत. पातळी फार उतरली, तर बेट काठाला जोडले जाते. अवेळी वाढली, तर अंडी वाहून जातात. खंड्या व वेडा राघू तीव्र उताराच्या मातीत बिळे करतात, त्यामुळे वाळू-मातीचा उपसा त्यांच्या मुळावर येतो. नदीसुरय आज जागतिक पातळीवर संकटग्रस्त जातींमध्ये गणला जातो. कर्नाटकातील भद्रा जलाशयाच्या बेटांवर त्याची मोठी वसाहत प्रसिद्ध आहे.

सीमेवरच्या नदीचे संरक्षण दोन्ही काठांनी मिळून करता येते, याचे उदाहरण म्हणजे ओडर नदी. जर्मनीने १९९५ मध्ये तिच्या खालच्या खोऱ्यात राष्ट्रीय उद्यान केले. पलीकडे पोलंडचे संरक्षित क्षेत्र आहे. तेथील पूरमैदानांत काळ्या सुरयांसह अनेक पाणपक्षी वीण करतात.

गोव्यालाही हा प्रश्न परका नाही. तिळारी धरण दोडामार्ग तालुक्यात, प्रकल्प दोन राज्यांचा, आणि तीच नदी पुढे शापोरा होऊन आपल्याकडे समुद्राला मिळते. धरणाच्या करारांत सिंचन, पिण्याचे पाणी, खर्चाचा वाटा यांची कलमे असतात. विणीच्या हंगामात पातळी किती राखावी, याचेही एखादे कलम असायला हवे.

मधुबन जलाशयात दुधनीला नौकाविहार चालतो. मार्च ते मे या काळात जाणाऱ्यांनी नाव उघड्या बेटांपासून दूर ठेवायला सांगावे. सावली धरून बसलेला पक्षी उडाला, की दुपारच्या उन्हात अंडी तापून खराब होतात.