हिमाचा अंदाज आणि गोल बाजारातील रजया

मार्गशीर्ष लागला की रायपूरच्या गोल बाजारात रजया आणि कांबळी दुकानांच्या दाराशी येऊन बसतात. मसाल्याची, जडीबुटीची आणि लग्नसाहित्याची ही जुनी पेठ; वर्षभर तिचा रंग एकच असतो, पण थंडीचे हे दोन महिने पिंजलेल्या कापसाचा गंध तिच्यात मिसळतो. गिऱ्हाईक येते ते हातात वर्तमानपत्र घेऊनच. आत ठळक मथळा असतो : मैनपाटला बर्फ पडले! सोबत पांढऱ्या पडलेल्या गवताचे छायाचित्र. वस्तुतः ते बर्फ नव्हे. निरभ्र रात्री जमिनीची ऊब निघून गेल्यावर गवताच्या पात्यांवर गोठलेले ते दव. सरगुजातील या पठाराला लोक ‘छत्तीसगडचे सिमला’ म्हणतात आणि १९६० नंतरच्या दशकात तेथे तिबेटी निर्वासितांची वस्ती झाली, त्यामुळे हिमाची कल्पना मनात सहज रुजते, इतकेच.

‘शीतलहर’ या शब्दाचेही असेच आहे. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश वा त्याहून खाली यावे आणि ते त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी उतरावे, तेव्हा हवामान खाते हा शब्द वापरते. रायपूरची जानेवारीतील रात्र सरासरीने बारा-तेरा अंशांची. म्हणजे पारा आठ-साडेआठपर्यंत घसरल्याखेरीज येथे शीतलहर नाही. वर्तमानपत्राची शीतलहर त्यापूर्वीच सुरू होते. बरे, खात्याचा अंदाजही कधी चुकतो. उत्तरेकडील हिमवृष्टी आटोपल्यावर कोरडे वारे खाली येतात आणि रात्री गारठतात. परंतु त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून दमट वारा आला, आभाळ झाकले गेले, की पारा पुन्हा चढतो. रजयांचा ढीग दुकानात तसाच राहतो.

रायपुरात हिमवर्षाव होत नाही. तथापि दूरच्या हिमाच्या एका अंदाजाशी या मुलखाचा इतिहास जोडलेला आहे. तो फारसा सांगितला जात नाही.

१८७५ साली भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली. १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि त्यामागोमाग आलेले दुष्काळ ही त्यामागची निकड. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये असे प्रतिपादन केले, की हिमालयावर हिवाळ्यात व वसंतात हिम अधिक पडले तर पुढचा पावसाळा रोडावतो. १८८२ ते १८८५ या वर्षांत त्यांनी या आधारे वर्तवलेले अंदाज बरेचसे खरे ठरले आणि १८८६ च्या जूनपासून दीर्घ मुदतीचे अंदाज नियमित प्रसिद्ध होऊ लागले. पुढे आलेल्या जॉन एलियट यांनी त्यांत हिंदी महासागर व ऑस्ट्रेलियाकडील स्थितीची भर घातली. अंदाजाचा कागद वर्षागणिक लांबत गेला. कागद लांबला म्हणजे ज्ञान वाढले, असा भ्रम आपल्याकडे सरकारी दप्तराने पूर्वापार जोपासला आहे!

१८९९ चा अंदाज चांगल्या पावसाचा होता. प्रत्यक्षात आला तो संवत १९५६ चा, म्हणून ‘छप्पन्या’ या नावाने स्मरणात राहिलेला भीषण दुष्काळ. मध्य प्रांतास त्याची झळ फार मोठी लागली आणि छत्तीसगड तर सर्वस्वी भातावर जगणारा मुलूख. रायपुरात शिकलेल्या माधवराव सप्रे यांनी याच दुष्काळी हिवाळ्यात, जानेवारी १९०० मध्ये, पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. त्या काळी एखाद्या मराठी माणसाने असे धाडस करावे, याचे आजही नवल वाटते. इकडे खात्यावर टीकेचा भडिमार झाला. त्यावर सरकारने उपाय कोणता केला? अंदाज सुधारेपर्यंत काही वर्षे तो गुप्त ठेवला! ज्याच्या शेतावर त्याचा परिणाम व्हायचा त्यानेच तो वाचू नये, असा हा अजब न्याय. एलियट यांच्यानंतर १९०४ मध्ये आलेले गिल्बर्ट वॉकर हे गणिती. त्यांनी हिमापलीकडे साऱ्या जगाच्या वायुभारांची आकडेमोड आरंभली. १९२८ साली खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या थांब्यास पुणेकर अद्याप ‘सिमला ऑफिस’ म्हणतात.

आज आपल्या मंडळातील कितीतरी घरांतील मुले खऱ्या हिमाच्या देशांत आहेत. माझा भाचा न्यू जर्सीत एडिसन गावी असतो. जानेवारी २०१५ मध्ये त्याने दूध, पाव, डाळ-तांदूळ, विजेऱ्या अशी आठवड्याची बेगमी केली, कारण न्यूयॉर्क परिसरात दोन फुटांहून अधिक हिमाचे भाकीत होते. २६ तारखेच्या रात्री न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे बंद ठेवण्यात आली; हिमासाठी असे पूर्वी कधी घडले नव्हते. सकाळी सेंट्रल पार्कमध्ये भरले ९.८ इंच. वादळ थोडेसे पूर्वेकडे सरकले होते. बोस्टनला मात्र २४.६ इंच हिम पडले, म्हणजे वादळ खोटे नव्हते, चुकली ती जागा. न्यू जर्सीचा बराच भाग ज्याच्या कक्षेत येतो त्या माउंट हॉली कार्यालयाच्या प्रमुखाने त्याच रात्री जाहीरपणे लोकांची क्षमा मागितली. भाच्याने दूरध्वनीवर हसत विचारले, “मामा, एवढ्या दुधाचे आता काय करू? खवा आटवू का?”

मी हसलो, पण मला बोस्टनचे १९७८ साल आठवले. ६ फेब्रुवारीच्या पहाटेपासून हिम पडेल असे सांगितले होते. सकाळ कोरडी निघाली. अंदाज पुन्हा चुकला, असे म्हणून लोक कामावर गेले आणि दुपारी वादळाने त्यांना गाठले. त्या वादळात २७.१ इंच हिम पडले. १२८ क्रमांकाच्या रस्त्यावर तीन हजारांवर गाड्या अडकल्या. गाडीत ऊब राहावी म्हणून इंजिन चालू ठेवलेली काही माणसे हिमाने धुराडे बुजल्यामुळे विषारी वायूने गुदमरून गेली.

आपल्याकडे गोरसीचे तेच आहे. छत्तीसगडी घरातील ही मातीची शेगडी अंगणात असेल तोवर लक्ष्मी. दारे-खिडक्या लावून निजायच्या खोलीत घेतली की तिचाच काळ होतो. भाच्याला मी तेवढेच बजावले : हिमात अडकलास तर आधी गाडीमागचे हिम उकर, मग इंजिन लाव, काच बोटभर उघडी ठेव. बाकी लोकरीचे एकच जाड घालण्यापेक्षा पातळ कपडे एकावर एक घालावेत आणि मोजे कोरडे ठेवावेत, हे तो मला शिकवतो.

गेल्या पौषात गोल बाजारातील माझ्या ओळखीच्या रजईवाल्याकडे बसलो होतो. कडाका वाढणार, असे सकाळच्या बातम्यांत होते आणि बाहेर आभाळ भरून आले होते. त्याने एकवार वर पाहिले, गोदामातून आणवलेल्या गठ्ठ्यांपैकी निम्मे सोडवले आणि उरलेले तसेच सुतळीत बांधलेले भिंतीशी लावून ठेवले. “भाऊ, अखबार भी देखता हूँ, बादल भी,” तो म्हणाला आणि चहा मागवला.