दोन बिऱ्हाडे, एक उंबरा

संगणकाचे बटण दाबल्यावर पहिल्या काही क्षणांत एक जुना पेच सुटत असतो. कोणतेही काम करण्यासाठी कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, स्मृतीत हजर असावी लागते. पण तिला चकतीवरून स्मृतीत आणणे हेही एक कामच! ते करायचे कोणी? स्वतःच्या बुटाचे पट्टे ओढून स्वतःलाच वर उचलावे, तसा हा प्रकार. त्यावरूनच या क्रियेला ‘बूट’ हे नाव पडले.

हा पेच सोडवते बायोस नावाची एक छोटी आज्ञावली. ती मदरबोर्डवरच्या चिपमध्ये साठवलेली असते. तिला फार काही कळत नाही. ती चकतीचा पहिला तुकडा, म्हणजे ५१२ बाइट्सचा पहिला सेक्टर, वाचते आणि तेथील आज्ञांच्या हाती कारभार सोपवून मोकळी होते. एकाच संगणकावर दोन कार्यप्रणाली नांदवण्याचा सारा इतिहास या ५१२ बाइट्सच्या उंबऱ्याभोवती फिरतो.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला, तेव्हा त्यासाठी एक नव्हे, तीन कार्यप्रणाली जाहीर केल्या होत्या : पीसी-डॉस, सीपीएम-८६ आणि यूसीएसडी पी-सिस्टिम. तंटा मात्र कोठेच नव्हता. ज्याची त्याची फ्लॉपी वेगळी. डॉसची काढावी, दुसरी घालावी, की झाले. प्रत्येकीला आपापला पहिला सेक्टर होता.

मार्च १९८३ मध्ये आलेल्या पीसी-एक्सटीमध्ये १० मेगाबाइटची हार्ड डिस्क बसवलेली होती आणि ती काही खिशात घालून बदलता येण्याजोगी नव्हती. आता एकाच चकतीवर सर्वांची सोय लावणे आले. डॉसच्या २.० या आवृत्तीबरोबर तिच्या वाटण्या करण्याची पद्धत आली. पहिल्या सेक्टरमध्ये ४४६ बाइट्स आज्ञांसाठी, १६ बाइट्सची एक अशा चार वाटण्यांच्या नोंदी आणि शेवटचे २ बाइट्स ओळखखूण म्हणून. (बेरीज विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी.) प्रत्येक वाटणीच्या नोंदीत तिचा आरंभ आणि लांबी असे, ज्या वाटणीवर ‘चालू’ अशी खूण, तिची कार्यप्रणाली सुरू व्हायची. वाटण्या चार, पण दार एकच!

या दाराचा ताबा कोणाकडे, हा प्रश्न १९९० नंतर खरा पेटला. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स लिहिले तेच मिनिक्स ही दुसरी कार्यप्रणाली असलेल्या संगणकावर. एकदा मोडेमला द्यायच्या आज्ञा त्याने चुकून हार्ड डिस्कवर लिहिल्या, मिनिक्सची वाटणी बिघडली आणि तो पुरता लिनक्सवर आला. एका चकतीवरचा शेजार किती नाजूक असतो, ते यावरून दिसते. पुढे लिलो आणि १९९५ पासून ग्रब या आज्ञावली आल्या. पहिल्या सेक्टरमध्ये बसून त्या विचारीत, ‘आज कोण हवे?’ विंडोज ९५ मात्र बसवताना असे काही न विचारता पहिला सेक्टर नव्याने लिहून टाकी. लिनक्स चकतीवर जागच्या जागी असे, पण तिच्याकडे जायची वाटच बुजलेली. म्हणून ‘आधी विंडोज, मग लिनक्स’ हा क्रम जाणकारांना पाठ झाला.

दुसरी चकती बसवली तर? प्रत्येकीला पुन्हा स्वतंत्र उंबरा मिळतो, अगदी फ्लॉपीच्या काळासारखा. अडचण अशी, की जुने बायोस हार्ड डिस्क म्हटली की पहिलीच पाही. कोणत्या साधनावरून सुरुवात करायची याची निवड कशी द्यावी, याचा एक आराखडा १९९६ मध्ये कॉम्पॅक, फिनिक्स आणि इंटेल यांनी मांडला. अशी निवड मिळू लागल्यावर स्वतंत्र चकत्यांचा मार्ग सोपा झाला.

तरीही बसवताना दुसऱ्या चकतीची केबल काढून ठेवणे शहाणपणाचे. बायोसच्या जागी आता यूईएफआय आले आहे. त्यात सुरुवातीच्या फाइली एका छोट्या खास वाटणीत असतात. अशी वाटणी पहिल्या चकतीवर आधीच दिसली, तर विंडोज दुसऱ्या चकतीवर बसवूनही आपल्या फाइली तिच्यातच ठेवू शकते. मग पहिली चकती काढली, की दुसरीही मुकी!

शिवाय चकत्या दोन झाल्या, तरी मदरबोर्ड एकच असतो. त्यावरचे घड्याळ घ्या. लिनक्स त्यात सहसा जागतिक प्रमाणवेळ लावते, विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. परिणामी भारतात लिनक्सनंतर विंडोज सुरू केले, की घड्याळ साडेपाच तास मागे गेलेले दिसते. रेखांश आणि प्रमाणवेळ शिकवताना हे उदाहरण हाताशी असू द्यावे.

घड्याळाची गंमत वाटते, पण ऑगस्ट २०२४ मध्ये गंमत उरली नाही. सुरक्षेसाठी कोणत्या जुन्या बूट-आज्ञावली नाकारायच्या, याची एक नोंद मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या सुधारणेतून अद्ययावत केली. दुहेरी संगणकांना ती लागू होणार नाही, असे कंपनीने सांगितले होते. पण दुसरी कार्यप्रणाली कित्येक ठिकाणी ओळखलीच गेली नाही. सिक्युअर बूट चालू असलेल्या अशा संगणकांवर लिनक्स सुरू होईना. ज्यांनी चकत्या वेगळ्या ठेवल्या होत्या, त्यांचीही यातून सुटका झाली नाही, कारण ही नोंद चकतीवर नव्हे, मदरबोर्डच्या स्मृतीत लिहिली जाते. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्समधूनच ती नोंद पुसावी लागली. मायक्रोसॉफ्टचा कायमचा उपाय मे २०२५ मधल्या सुधारणेत आला.