बहुवारिके, जैवविघटनशील
सूक्ष्मजंतूंच्या क्रियेने विघटन पावणाऱ्या बहुवारिकांचा घरगुती वापर नवा नाही. कापूस वा लाकडातील सेल्युलोजापासून बनणारे कार्बॉक्सिमिथिल सेल्युलोज जर्मनीत १९१८ च्या सुमारास तयार झाले. धुण्याच्या चूर्णात ते सुटलेला मळ कापडावर पुन्हा बसू देत नाही; टूथपेस्टला ते घट्टपणा आणते. बाटल्या व वेष्टनांसाठी शर्करेच्या किण्वनातून मिळणारे पॉलिलॅक्टिक अम्ल पुढे आले. प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये जेजुरी येथे त्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला. मात्र ते सु. ६०° से. तापमानाच्या औद्योगिक खतप्रक्रियेतच वेगाने कुजते. साध्या मातीत दीर्घकाळ टिकते. शिवाय कच्चा माल म्हणून ऊस घेतल्यास पाणी फार लागते. बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात ही अडचण मोठी आहे. तेथील कापसाच्या पऱ्हाट्यांत सेल्युलोज विपुल असते. त्या बहुधा शेतात वा चुलीत जळतात.