टॉनिकची बाटली आणि घाटातली कुपी

परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढणाऱ्या घाटात पावसाळ्यातल्या गर्दीच्या दिवशी किंवा ३१ डिसेंबरच्या रात्री नाकाबंदी लागली, की चालकाला मशीनमध्ये फुंकायला लावतात. प्रकरण पुढे गेलं तर दवाखान्यात नेऊन रक्त काढतात आणि सीलबंद कुपी न्यायसहायक प्रयोगशाळेकडे जाते. हा सगळा सरंजाम मोटारीच्या कायद्यातून आला असं आपण धरून चालतो. शिक्षा तिथलीच आहे, हे खरं. कुपीची कुळी मात्र दारूबंदीची. आणि ज्या कायद्याने मुंबईची दारूबंदी वऱ्हाडाला लागू केली, त्याच कायद्याच्या पोटातून ती आली.

आधीचे टप्पे सर्वांना ठाऊक आहेत. इंग्लंडने १८७२ मध्ये रस्त्यावर नशेत घोडा, गुरं, गाडी किंवा वाफेचं इंजिन हाकणं गुन्हा ठरवलं. १८९७ मध्ये लंडनच्या एका टॅक्सीचालकाला २५ शिलिंग दंड झाला. नॉर्वेने १९३६ मध्ये चालकाच्या रक्तातल्या अल्कोहोलला ०.०५ टक्क्यांची मर्यादा घातली. आपल्या १९३९ च्या मोटार कायद्यात असा आकडाच नव्हता. वाहनावर ताबा ठेवता येणार नाही इतकी नशा, एवढीच कसोटी होती.

आता मुंबई, २९ मे १९५१, रात्रीचे साडेनऊ. कुलाब्याच्या बाजूला एका जीपने तिघांना उडवलं. जीप चालवत होते बेहराम खुर्शेद पेसिकाका, मुंबई विभागाचे प्रभारी प्रादेशिक परिवहन अधिकारी. सेंट जॉर्ज रुग्णालयातल्या डॉक्टरांनी लिहिलं: तोंडाला वास आहे, डोळे लाल आहेत, पण बोलणं सुसंगत आहे, सरळ रेषेत चालता येतं, अल्कोहोल घेतलेलं आहे, पण अंमल दिसत नाही. खटल्यात मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ मधलं दारू प्यायल्याचं कलमही लागलं. पेसिकाकांनी सांगितलं की आपण बी. जी. फॉस हे टॉनिक घेतलं होतं, आणि त्यात १७ टक्के अल्कोहोल असतं.

हा बचाव टिकला, आणि त्याचं कारण तारखांमध्ये आहे. अपघाताच्या अवघ्या चार दिवस आधी, २५ मे १९५१ ला, सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात निकाल दिला होता: अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं घेण्यावर दारूबंदी कायदा बंदी घालू शकत नाही. पेसिकाकांना मॅजिस्ट्रेटने सोडलं, उच्च न्यायालयाने एक महिना सक्तमजुरी आणि ५०० रुपये दंड ठोठावला, आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. पोटात गेलेलं अल्कोहोल बंदी असलेल्या दारूचंच होतं, हे सरकारने सिद्ध करायला हवं, असा त्या निकालाचा गाभा.

नुसत्या वासावर हे सिद्ध होणार कसं? सरकारचं उत्तर १९५९ च्या बाराव्या कायद्यात आलं. त्याच्या नावातच दोन कामं आहेत: विस्तार आणि सुधारणा. विस्तार म्हणजे विदर्भासह नव्याने जोडलेल्या भागांना मुंबईची दारूबंदी लागू करणं. आपण १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आलो होतो, पण हा कायदा येईपर्यंत इथे मध्य प्रांत-वऱ्हाडचा १९३८ चा दारूबंदी कायदा चालू होता. सुधारणा म्हणजे वैद्यकीय तपासणी, रक्त काढण्याचा अधिकार आणि एक आकडा: रक्तात ०.०५ टक्के किंवा जास्त अल्कोहोल निघालं, तर ते औषधाचं होतं हे आरोपीने सिद्ध करायचं.

हा आकडा आला कुठून? सोपं उत्तर म्हणजे नॉर्वे. मला ते पटत नाही. नॉर्वेचा आकडा गाडी चालवणाऱ्यासाठी होता. या कलमात गाडीचं नावही नाही, घरी बसून प्यायलेल्यालाही ते लागतं. दुसरा दावेदार अमेरिका. तिथल्या डॉक्टरांच्या आणि सुरक्षा परिषदेच्या समित्यांनी १९३८ च्या सुमारास ०.०५ ही रेषा धरली, पण तिच्या खाली असणारा शुद्धीत आहे, असं मानण्यासाठी. माझ्या मते आकडा बाहेरून घेतला असेल, तो टिकला मात्र टॉनिकच्या हिशेबामुळे. १७ टक्क्यांच्या टॉनिकचे ३० मिलिलिटर घेतले तर साठ किलोच्या माणसाच्या रक्तात साधारण ०.०१ टक्का अल्कोहोल येतं. ०.०५ गाठायला दीडशे मिलिलिटर एका दमात प्यावे लागतील. इतकं टॉनिक औषध म्हणून कोणी घेत नाही. पेसिकाकांचा बचाव तोडण्यासाठी याहून नेमकी रेषा मला दिसत नाही.

१९५९ च्याच नियमांमध्ये तर सावधगिरी पानोपानी दिसते. सिरिंज उकळत्या पाण्यात निर्जंतुक करायची, कातडी पुसायची तीही निर्जंतुक पाण्याने. रक्त काढताना कुठल्याही टप्प्यावर स्पिरिटचा स्पर्श नको. निदान पाच सी.सी. रक्त, गोठू नये आणि नासू नये म्हणून द्रव्य घातलेली कुपी, वर सील. ही काळजी किती रास्त होती ते लवकरच कळलं. खानदेशातल्या एरंडोल न्यायालयातून निघालेल्या उखा कोल्हे खटल्यात (१९६३) पुन्हा एक चालक, पुन्हा अपघात होता, आणि सर्वोच्च न्यायालयात प्रश्न आला तो कुपी मधल्या काळात कोणाच्या ताब्यात होती, हा. २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला, तेव्हा मला हाच खटला आठवला.

मोटार कायदा या वाटेवर फार सावकाश आला. १९८८ च्या मूळ कलम १८५ मध्ये रक्तात कितीही थोडं अल्कोहोल असलं तरी गुन्हा होता. १९९४ मध्ये १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा आली, म्हणजे दारूबंदीच्या ५० मिलिग्रॅमहून कडक; पण मोजमाप सांगितलं श्वासयंत्राचं. रक्त तपासण्याची सोय दुसऱ्या कलमात होती. प्रयोगशाळेतली चाचणी हे शब्द गुन्ह्याच्या व्याख्येत शिरले ते २०१९ च्या दुरुस्तीत, म्हणजे वऱ्हाडात कुपी आल्यावर साठ वर्षांनी. त्याच दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड २,००० वरून १०,००० रुपयांपर्यंत नेला. सहा महिन्यांपर्यंतची कैद होतीच. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली; पुन्हाचा गुन्हा तीन वर्षांच्या आतला असण्याची जुनी अट गेली. आणि जीव गेला तर गोष्ट कलम १८५ वर थांबत नाही. २००६ च्या मुंबईतल्या कार्टर रोड अपघातात सात माणसं मेली. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल निघालं होतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाची तीन वर्षांची शिक्षा कायम केली.

मेळघाटात या साऱ्याला एक वेगळा अर्थ येतो. इथे मोह आहे, कोरकूंच्या घरची सिडू आहे, आणि पर्यटकांच्या डिकीतल्या महागड्या बाटल्याही आहेत. रक्त बाटलीचं नाव सांगत नाही, आणि कलम १८५ ते विचारतही नाही. घाटात आजही कोणी ‘साहेब, खोकल्याचं औषध घेतलं जी’ म्हणाला, तर तो पेसिकाकांचाच बचाव मांडत असतो. तो बचाव दारूबंदीच्या खटल्यातला आहे. स्टिअरिंगवर बसलेल्याच्या रक्तात तिसाच्या वर आकडा निघाला, तर औषधाची चिठ्ठी दाखवूनही तो सुटत नाही.