शिशाचे स्वार आणि त्यांचे रंग

शाळेत इतिहास शिकवताना सैन्य म्हटलं की आम्ही आकडे सांगायचो. इतकं घोडदळ, इतकं पायदळ, इतके हत्ती. मुलं ते पाठ करायची आणि परीक्षा झाली की विसरायची. त्यांचीही चूक नाही म्हणा. पण बोटाएवढ्या सैनिकांचाही एक इतिहास आहे, आणि तो क्रमिक पुस्तकात कधी आला नाही. गंमत म्हणजे तो बराचसा रंगाचा इतिहास आहे. रंग देण्याचा, आणि चुकला तर काढण्याचा.

सुरुवात जर्मनीतल्या न्यूरेंबर्गपासून करू. तिथले कारागीर पाटीच्या दगडात कोरलेल्या साच्यातून कथील-शिशाचे चपटे सैनिक ओतायचे. समोरून पाहिलं तर पूर्ण माणूस, बाजूने पाहिलं तर पत्र्याची कड. अर्न्स्ट हाइनरिक्सन याने १८३९ साली तिथे आपला कारखाना काढला आणि पुढे माणसाची उंची ३० मिलिमीटर हे माप रूढ केलं. म्हणजे वेगवेगळ्या वेळी घेतलेले सैनिक एकाच रांगेत शोभायला लागले. हान्स अँडरसनची एका पायाच्या शिपायाची गोष्ट त्याच सुमाराची, १८३८ची. जुना चमचा वितळवून पंचवीस शिपाई केले, शेवटच्याला कथील पुरलं नाही, म्हणून त्याला एकच पाय. आमच्या वर्गात ही गोष्ट सांगितली की एक तरी मुलगा विचारायचा, "मग तो उभा कसा राहायचा?" प्रश्न अगदी बरोबर आहे.

नंतर १८९३ साली लंडनच्या विल्यम ब्रिटन (धाकटे) यांनी एक युक्ती काढली. वितळलेला शिशाचा मिश्रधातू साच्यात ओतायचा, साच्याला लागून पातळ साल धरली की आतला उरलेला रस परत बाहेर ओतून द्यायचा. सैनिक आतून पोकळ! धातू कमी, वजन कमी, किंमत कमी. भरीव जर्मन सैनिकांची बाजारपेठ त्यांनी बघता बघता खेचून घेतली. उंची ५४ मिलिमीटर, म्हणजे त्या काळच्या खेळण्यातल्या आगगाडीशेजारी उभा केला तर शोभेल अशी. एच. जी. वेल्ससारख्या मोठ्या लेखकाने १९१३ साली असे सैनिक जमिनीवर मांडून खेळायच्या लढायांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. (साहेबाला खेळासाठीही नियमांचं पुस्तक लागतं.)

इथे आपल्याशी संबंध येतो. ब्रिटनच्या पहिल्या काही वर्षांतच त्यांच्या यादीत हिंदुस्थानी पलटणी आल्या. त्यांत बॉम्बे लान्सर्स होते, बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री होती. पण प्रत्येक पलटणीसाठी नवा साचा कोण करणार? साचा महाग. म्हणून फेटेवाला स्वार, घोडा, भाला हे साच्यातून सारखेच निघायचे. मग निळा अंगरखा दिला की एक रिसाला, लाल दिला की दुसरा. रंगवायचं काम बरंचसं बायका करायच्या, कारखान्यात आणि घरीसुद्धा, नगावर मजुरी घेऊन. कुठल्या तरी लंडनच्या गल्लीत एक बाई, जिने मुंबई कधी पाहिली नाही, ब्रशाच्या चार फटकाऱ्यांत ठरवत होती की हा स्वार मुंबई इलाख्याचा की मद्रासचा.

म्हणजे बघा, शिसं देतं ते शरीर. नाव देतो तो रंग. रंग गेला की तो कुणाचाच स्वार नाही. पुढे जे सांगायचं आहे ते याच्यावर उभं आहे.

चुकलेला रंग काढायचा तर आधी शरीर कशाचं आहे ते ओळखावं लागतं. कथील आणि ॲल्युमिनियम यांना कॉस्टिक सोडा चालत नाही. ॲल्युमिनियमचेही सैनिक मधल्या काळात निघाले होते, ते सोड्यात टाकले तर फसफसून सैनिकच झिजायला लागतो. ज्यांनी घरी ॲल्युमिनियमच्या भांड्यात सोडा वापरून पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. शिशाला सोडा लगेच खात नाही, पण शिशाचा शत्रू वेगळा: आम्ल. व्हिनेगर तर सोडाच, नुसती आम्लाची वाफही पुरते. ओकच्या लाकडाच्या सुंदर कपाटात ठेवलेले शिशाचे सैनिक वर्षानुवर्षं त्या लाकडातून निघणाऱ्या वाफेने आतून पांढऱ्या पिठासारखे होत गेले. संग्राहक त्याला शिशाचा रोग म्हणतात. आपल्याकडचं नवं प्लायवूडही त्याच जातीचं. हे पीठ विषारी असतं, जुन्या रंगातही शिसं असतं, म्हणून कोरडं खरवडू नये आणि लहान मुलांच्या हाती देऊ नये. ब्रिटनमध्ये १९६६ साली शिशाचे सैनिक बनणं थांबलं ते याच भीतीने.

त्यानंतर प्लास्टिक. एअरफिक्स कंपनीने १९५९च्या सुमारास पावशेर शेंगदाण्यांएवढ्या डब्यात पन्नासेक मऊ सैनिक द्यायला सुरुवात केली. ते पॉलिथिनचे. दुधाची पिशवी ज्या कुळातली, त्याच कुळातले. दुधाच्या पिशवीवर ऑइलपेंट लावून पाहा, वाळतो आणि चुरगळली की पापुद्रा सुटतो. त्या सैनिकांची बंदूक वाकली की बाहीचा रंग गळायचा. त्यांच्यावर रंग बसवणं हीच अडचण, काढण्याची वेळच येत नसे! कडक प्लास्टिकचं, म्हणजे पॉलिस्टायरिनचं उलटं. त्यावर रंग घट्ट बसतो, पण काढायला थिनर लावला की नाकडोळे मेणासारखे वितळतात. थिनरला रंग कुठला आणि नाक कुठलं हे कळत नाही.

यावर विलायतेतल्या हौशी लोकांनी शोधलेला उपाय वाचून मी चाट पडलो. डेटॉल! पाणी न घालता, नुसतं. त्यात पाइनच्या तेलातला एक अंश असतो, तो रंग सैल करतो, पण पॉलिस्टायरिनला सहसा धक्का लावत नाही. रात्रभर बुडवून ठेवायचं, हातमोजे घालून जुन्या टूथब्रशने घासायचं. पथ्य एकच: घासताना पाणी लावायचं नाही. डेटॉल पाण्यात घातला की दूध होतं हे सगळ्यांना माहीत आहे. तसं झालं की सुटलेला रंग डांबरासारखा चिकटून बसतो. आधी स्वच्छ डेटॉलनेच विसळायचं आणि मग साबणाचं पाणी. आणखी एक योगायोग असा की सैनिक रंगवायच्या इवल्याशा डब्या विकणारी हम्ब्रोल कंपनी इंग्लंडमधल्या हल गावची, आणि १९३०च्या दशकात डेटॉल बाजारात आणणारी रेकिट कंपनीही त्याच गावची. रंग एका कारखान्यात, उतारा दुसऱ्यात.

ही माहिती मला पुरवली माझ्या धाकट्या बहिणीच्या नातवाने. तो मला मामाआजोबा म्हणतो. इंजिनिअर आहे, डोंबिवलीला राहतो आणि रात्री जागून प्लास्टिकचे सैनिक रंगवतो. त्याचे चुकलेले सैनिक डेटॉलमधून निघून नवे कोरे झालेले मी पाहिले आहेत. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. कारखान्यातून आलेलं प्लास्टिक, त्याचाच रंग, त्याचीच चूक. शंभर वेळा काढावा.

पण त्या घरात आणखी एक डबा आहे. आपल्यापैकी काहींनी तो पाहिलेला आहे. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात सात शिशाचे स्वार. मेहुण्यांचे वडील जी.आय.पी. रेल्वेत नोकरीला होते, त्यांना एका साहेबाने विलायतेला परत जाताना दिले. डोक्याला फेटा, हातात भाला, हात खांद्याशी फिरतो. दोघांची मुंडकी कधीतरी तुटली, ती आगकाडी खुपसून परत बसवलेली. पोकळ सैनिकांवर जगभर मुलांनी हाच इलाज केलेला आहे.

१९७४ साली, राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली त्या दिवाळीत, मेहुण्यांच्या धाकट्या दोघा भावांनी अंगणात रायगड केला. कुंभारवाड्यातून आणलेले मातीचे मावळे पायदळ म्हणून होतेच, घोडदळ मात्र नव्हतं. मग डबा बाहेर निघाला. दारं रंगवून उरलेला हिरवा आणि भगवा ऑइलपेंट होता. फेटा आयता होता, भाला आयता होता, अंगातला कोट तर त्या रिसाल्यांत 'कुर्ता' म्हणूनच ओळखला जायचा. रंग तेवढा बदलला आणि विलायतेत जन्मलेले लान्सर महाराजांच्या पागेत रुजू झाले. मिशा आणि गंध आगकाडीच्या टोकाने काढलेलं. ते काम दोघांतल्या मोठ्याचं. त्याला जाऊन आता नऊ वर्षं होतील.

ते स्वार खरोखर बॉम्बे लान्सर्स असतील तर त्यात एक विचित्र योग आहे. तो रिसाला उभा राहिला १८१७ साली. त्याच साली ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली आणि पेशवाईचे दिवस भरले. पुढे नावं बदलत, दुसऱ्या रिसाल्यात मिसळत तो १९४७च्या फाळणीत पाकिस्तानच्या वाट्याला गेला. अशा रिसाल्याचा स्वार १९७४ साली डोंबिवलीच्या रायगडावर भगवा धरून उभा! पण असतील तर. कारण वरच्या रंगाखाली काय आहे ते कुणी पाहिलेलं नाही.

मागच्या पावसाळ्यात या डब्यावर संकट आलं. नातवाच्या मनात आलं की हे रंग सुटायला लागले आहेत, वरून पारदर्शक मॅट वॉर्निशचा फवारा मारून जपून ठेवू. हेतू उत्तम. दिवस आषाढातला, भिंतींना ओल, खिडकी उघडी. दहा मिनिटांत सातही स्वार पिठात लोळल्यासारखे पांढरे. दमट हवेत फवारा मारला की असं होतं. वॉर्निशचा थर नितळ न बसता बारीक खरखरीत होतो आणि प्रकाश त्यावर विखुरतो, म्हणून पांढरं दिसतं. खरं तर तिथे पांढरा रंग नसतोच.

त्याचा फोन आला तेव्हा घरात तीन मतं तयार होती. शेजारच्या पेंटरचं मत, थिनर. मेहुण्यांचं मत, आता कॉस्टिक सोड्यात टाकून सगळं साफच करा, म्हणजे मूळचे स्वार दिसतील आणि जुन्या वस्तूंची किंमत कळणारा कुणी भेटला तर चार पैसेही येतील. बहिणीचं मत, हात लावू नका. नातू म्हणाला, "मामाआजोबा, तुम्ही सांगाल तसं."

मी मेहुण्यांना एवढंच सांगितलं की सोडा थर मोजत नाही. वॉर्निश जाईल, १९७४चा भगवा जाईल, आणि त्याखालचा त्या लंडनच्या बाईचा रंगही जाईल. हाती येईल ते करडं शिसं. ते कुठल्या पलटणीचं हे मग ब्रिटन स्वतः आले तरी सांगू शकणार नाहीत. संग्राहकसुद्धा मूळ रंगालाच किंमत देतात, नुसत्या धातूला नाही. आपल्याकडे २०२२ साली वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा लेप उतरवला तेव्हा आतून दगडात कोरलेलं मूळ रूप दिसलं, कारण तिथे रूप दगडात होतं. या स्वारांचं रूप रंगात आहे. मेहुणे म्हणाले, "मास्तर, तुमचं सगळंच इतिहासाच्या तासासारखं." पण सोड्याचा विषय सोडून दिला.

पांढरेपणावर इलाज साधा निघाला. नातवाने कुठे तरी वाचलं होतं की खरखरीत थराच्या फटी तेलाने भरल्या की प्रकाश परत सरळ जातो. कागद तेलकट झाला की आरपार दिसतो, तसंच. आधी एकाच स्वारावर, घोड्याच्या शेपटीशी, बारीक ब्रशने तेलाचा थेंब. भगवा परत आला. मग एकेक करून सातही. तेल कायमचं नव्हे, त्यावर धूळ बसते, म्हणून मार्गशीर्षात कोरड्या हवेत ते पुसून ब्रशनेच पातळ चकचकीत वॉर्निश दिलं. मिशा शाबूत आहेत. गंध एकाचं थोडं फिसकटलं.

आता ते प्लायवूडच्या कपाटात न ठेवता परत पत्र्याच्या डब्यातच, प्रत्येक जण पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून ठेवला आहे. सहा जण नखशिखांत मावळे आहेत. सातव्याच्या घोड्याच्या मानेशी भगव्याचा टवका उडालेला आहे, तिथे स्वाराच्या गुडघ्याजवळ तांदळाएवढा काळपट निळा दिसतो. निळ्या रंगाचे रिसाले अनेक होते. नातवाला तो टवका भरून टाकायचा होता, मी तसाच ठेवायला सांगितला.